दहाव्या दिवसाची मोजणी

बाजारातल्या बाईने माझ्या हातातली पिशवी न विचारता काढून घेतली. मान वर केली नाही. घरच्या माणसाच्या हातून घ्यावी तशी घेतली आणि तिच्यात भाजी भरायला लागली. तळाशी बटाटे, त्यावर पाल्यासकट गाजरांची जुडी, मग कागदात गुंडाळलेला अर्धा कोबी. तो अर्धा तिने आधीच कापून बाजूला ठेवलेला होता. मी तिला थांबवायला हात पुढे केला, पण कोटाची बाही मला चार बोटं लांब होती आणि हात आतच राहिला. कोट ताईचा होता. पिशवीही ताईचीच, निळ्या पट्ट्यांची, एक बंद निळा आणि दुसरा, तुटल्यावर नवा शिवलेला, तपकिरी. त्या बाईने कोट पाहिला, पिशवी पाहिली, आणि तेवढ्यावर तिचं काम भागलं होतं. बाहीतून माझी बोटं बाहेर आली तेव्हा मात्र तिचा हात थबकला. ताईच्या मधल्या बोटावर सुईने पडलेला घट्टा होता. माझ्या बोटांवर काही नाही. चिमट्याने काम करणाऱ्या माणसाची असतात तशी ती आहेत, म्हातारी पण मऊ. बोटांवरून तिची नजर वर सरकत माझ्या चेहऱ्यापर्यंत आली, आणि मी जे सांगायला आले होते ते ऐकण्याआधीच तिला हसू फुटलं. "बहीण," ती म्हणाली. "बियांची डॉक्टर. आलीस शेवटी."

मला एकच वाक्य सांगायचं होतं. माझी बहीण सव्वा महिन्यापूर्वी गेली. त्या बाईला आणि मला थोडी थोडी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत ते सहज बसत होतं, आणि घरापासून नदीकाठच्या ह्या बाजारापर्यंतच्या अकराशे चाळीस पावलांत मी ते पुन्हा पुन्हा घोकलं होतं. पावलं मोजायची मला सवय आहे. ताई मला मोजपट्टी म्हणायची. लहानपणी चिडवायला म्हणायची, नंतर लाडाने, आणि शेवटची अकरा वर्षं कशाने ते मला कधी नीट ओळखता आलं नाही. सकाळी भावजींनी दाराच्या खुंटीवरून पिशवी काढून माझ्या पुढ्यात ठेवली होती. भावजी म्हणजे ताईचे यजमान, चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस. अजूनही बोलताना समोर रस्ता असल्यासारखे बघतात, शेजारच्याकडे वळत नाहीत. ते म्हणाले, आज शनिवार. शेतकरी येऊन बसतात नदीकाठी, पुलाकडून तिसरं टेबल. ताई तिथल्या बाईकडे अठरा वर्षं जात होती, आणि तिला अजून कुणी कळवलेलं नाही. ते स्वतः दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत आले. "जन्मभर लोकांना सांगत आलो, तुमचा थांबा आला, उतरा," ते म्हणाले. "हे मात्र माझ्या तोंडून निघत नाही. तू सांग. तू नीट सांगतेस." नीट ह्या शब्दापाशी मी चहाचा कप खाली ठेवला, पण त्यांचं लक्ष समोरच्या भिंतीकडे होतं.

ताई गेली तेव्हा मी इथे नव्हते. व्हिसाची कागदपत्रं, शिक्के, मुलाखत, ह्यात एकोणीस दिवस गेले आणि मी पोचले तेव्हा तिच्या शिलाई मशीनवर झाकण पडलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई तीन दिवस उशिरा पोचली होती. त्या तीन दिवसांवरून मी तिला काय काय ऐकवलं होतं. एकोणीस भागिले तीन, सहा पूर्णांक एक तृतीयांश. असली गणितं मनात आपोआप होतात, थांबवता येत नाहीत.

बाई बोलत होती. पन्नाशीची, रुंद हातांची, नखांत माती. कामाच्या जाड जाकिटावर तिने मफलरची गाठ गळ्याशी न मारता कमरेशी मारली होती. पाच आठवडे आली नाही तुझी बहीण, गुडघा पुन्हा का, असं तिने विचारलं आणि उत्तराला थांबली नाही. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला सांगता येणार नाही. पण तिने ती होकाराची धरली आणि म्हणाली, बरंच झालं, त्या निमित्ताने ती बसून तरी राहील. ती तुला स्वतः दाखवणार होती, दर वर्षी म्हणायची, आता येईल, ह्या वर्षी येईल. पण तू एकटीच आली आहेस तर मी दाखवते, तिला सांगू नकोस. असं म्हणून ती टेबलामागे वाकली आणि ओल्या पोत्याखालून एक पसरट टोपली काढून तिने माझ्यासमोर ठेवली.

टोपलीत घेवडा होता. चपट्या, बोटभर शेंगा, जेमतेम दोन ओंजळी. प्रत्येक शेंगेच्या दोन्ही कडांना जांभळी रेघ, पेनने ओढावी इतकी बारीक, आणि टोक एका बाजूला वळलेलं. मी नोकरीत पस्तीस वर्षांत घेवड्याचे किती वाण पाहिले त्याची नोंद आहे, एकशे बारा. ही रेघ आणि हे वळण त्यांतल्या एकातही नव्हतं. ते फक्त आमच्या मागच्या दारी, न्हाणीच्या भिंतीवरून चढवलेल्या मांडवावर होतं. मी एक शेंग उचलून नाकाशी नेली. तो वास आला, हिरवा, थोडासा कडवट, आईच्या पदराला संध्याकाळी यायचा तो. मी टेबलाची कड धरली. गार पत्र्याची कड, तिला एक पोचा आला होता, हे सगळं मला अगदी स्पष्ट आठवतं.

आई बिया राखेत घोळून पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पेरायच्या दिवशी मागच्या पायरीवर पाय सोडून बसायची आणि एकेक बी पायरीच्या दगडावर दोनदा घासायची, एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या. ताई शेजारी बसून घासायची. मी मोजायची. ताई जोरात घासून बी फोडायची तेव्हा आई तिच्या मनगटावर चापट मारून म्हणायची, अगं, खाज सुटलीय तिला, सोलायचं नाहीये. पुढे कॉलेजात मला त्याचं कारण कळलं. काही कडधान्यांच्या बियांचं कवच इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरत नाही. ओलीत ठेवली तरी बी तशीच राहते, वाळूच्या खड्यासारखी. कवचाला ओरखडा पडला की पाणी शिरतं आणि ती फुगते. मी हे घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितलं. आईने हातातलं पीठ झटकलं. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "पुस्तकात पण आलं."

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत शंभर बिया ओल्या कागदात ओळीने मांडतात, कागदाची गुंडाळी करतात आणि ती पंचवीस अंशांच्या कपाटात उभी ठेवतात. घेवड्याची शेवटची मोजणी दहाव्या दिवशी असते. गुंडाळी उलगडायची, चिमट्याने एकेक बी उचलायची आणि पाच वाट्यांत वेगळी करायची. चांगली रोपं, विकृत रोपं, पाणी प्यालेल्या पण न उगवलेल्या, कठीण, आणि मेलेल्या. नवीन मुलींना मी पहिल्या आठवड्यातच शिकवायची की शेवटच्या दोन वाट्यांची गल्लत करायची नाही. मेलेली बी मऊ पडते, दाबली की पाणी सुटतं, बुरशी येते. कठीण बी आतून जिवंत असते, दहाव्या दिवशीही चकचकीत. एखादीने कठीण बी मेलेल्यांच्या वाटीत टाकली तर मी पूर्ण मोजणी पुन्हा करायला लावायची. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली अजून त्यावरून माझी नक्कल करतात म्हणे, चष्मा नाकावर ओढून: जिवंत माणसाला पुरू नका.

आई चौदा महिने अंथरुणावर होती. ते चौदा महिने माझे होते. तिची कूस बदलणं, तिचं रात्री मला ताई समजून ताईच्या नावाने हाक मारणं, आणि मी दर वेळी ओ देणं. ताई तीन दिवस उशिरा आली, दोन आठवडे राहिली. आईच्या साड्या, भांडी, काहीच तिला नको होतं. तिने फक्त तो डबा मागितला. मी म्हटलं, आधी तपासून बघते, मेलेलं बियाणं सातासमुद्रापार नेऊन काय करशील. ती म्हणाली, तपास की, तू आहेसच. मी शंभर बिया मोजून नेल्या. दहाव्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी गुंडाळी उलगडली. अकरा उगवल्या होत्या. एकोणनव्वद जशाच्या तशा, काळसर, चकचकीत, चिमट्यातून सटकून टेबलावर टणटण उडणाऱ्या. मी त्या मोजल्या. हातात घेऊन त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत अकरा आणि एकोणनव्वद, शंभरच्या शंभर टाकल्या आणि घरी आले. ताई स्वयंपाकघरात उभी होती. मी चप्पल काढता काढता म्हणाले, "मेलंय ते बियाणं." ती म्हणाली, "सगळं?" मी म्हणाले, "सगळं." तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तू मोजलंस म्हणजे असेलच, मोजपट्टी." आणि ताटं घेतली. दुसऱ्या दिवशी मी डबा मागच्या खड्ड्यात पालथा केला. डबा हलका लागला होता. मी त्यावर विचार केला नाही, कारण विचार करायचा नव्हता.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. हवा, गुडघे, भावजींचा रक्तदाब, माझ्या ऑफिसातल्या भानगडी. फोन ठेवताना ती म्हणायची, ये ना एकदा, शनिवार धरून ये, बाजार दाखवते. मी म्हणायची, तपासणी आहे, रजा शिल्लक नाही, पुढच्या वर्षी बघू. निवृत्त झाल्यावर रजेचं कारण संपलं, मग मी दाताचं काढलं. एकदा ती म्हणाली, "एक गोष्ट दाखवायची आहे तुला. फोनवर सांगण्यातली नाही." मी विचारलं नाही काय ते. मला वाटलं, आजार असेल, नाहीतर घर. त्या डब्याचं भूत इतक्या वर्षांनी समोर येईल असं वाटलं नाही, असं म्हणायला हवं. पण ते खरं नाही. फोनवर ती क्षणभर गप्प झाली की मला दर वेळी तेच वाटायचं.

बाई सांगत होती. एका हाताने गिऱ्हाइकांना कांदे देत होती आणि मला सांगत होती, कांदे घेणाऱ्यांना एका भाषेत, मला दुसरीत, मध्येच दोन्हींची सरमिसळ. मी ते तुकडे जोडत होते. अकरा वर्षांपूर्वी तुझी बहीण कोटाचं अस्तर उसवून त्यातून मूठभर बिया काढून इथे, ह्याच टेबलावर ठेवून म्हणाली, तुझ्या प्लास्टिकच्या छपराखाली मला एक वाफा दे. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. छपरापर्यंत पानं, आणि फूल एक नाही, मग थंडीने सगळं काळं पडलं. दुसऱ्या वर्षी तेच. मी म्हटलं, सोड आता. ती म्हणाली, आमच्याकडे लवकर अंधारायला लागलं की ह्याला फुलं येतात, तुमच्याकडे उन्हाळ्यात अंधारच होत नाही, त्याला बिचाऱ्याला कळणार कसं. तिसऱ्या वर्षी ती काळं अस्तराचं कापड शिवून घेऊन आली. माझ्या दुप्पट उंचीचा अंगरखा. रोज दुपारी चारला यायची, वेलाला तो घालायची, आणि सकाळी मी काढायची. पाच आठवडे. बसने, रोज. तिचा नवरा चालवायचा ती बस. लोक हसायचे, मी पण हसायची. मग एक दिवस फूल आलं. जांभळं. ती वाफ्यात खाली बसली, तिथेच मातीत, आणि रडली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, डोळ्यात काहीतरी गेलं.

दिवस लहान झाल्याशिवाय हा वेल फुलत नाही. हे माझ्या विषयातलं आहे, त्यावर परीक्षेत टीप असायची. ताईने बारावीला विज्ञान सोडलं होतं, बेडूक कापवत नाही म्हणून. एका फोनवर मी तिला हे सांगू शकले असते. तिने विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मेलेल्या बियांना फुलं कशी आणायची असं विचारावं लागलं असतं. दोन वर्षं तिने नुसती पानं बघितली आणि मला रविवारी हवा कशी आहे ते विचारलं.

"पण पहिल्यांदा मी घेणारच नव्हते त्या बिया," बाई म्हणाली. "म्हटलं, किती जुन्या आहेत कोण जाणे, मेल्या असतील. तर ती म्हणाली, नाही, माझ्या बहिणीने तपासल्यात. ती डॉक्टर आहे बियांची. तिने सांगितलंय की ह्या मेलेल्या नाहीत, कठीण आहेत. घासून लाव."

मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, भाषेत काही चुकतंय. तिने सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. वाक्य तेच होतं. मी दहाव्या दिवशी संध्याकाळी चप्पल काढताना म्हणायला हवं होतं ते वाक्य, शब्दाला शब्द. ताईने ते माझ्या नावाने म्हणून टाकलं होतं. अकरा वर्षं ती ते ह्या टेबलाशी येणाऱ्या लोकांना सांगत होती. माझ्या जागी तिने एक दुसरीच बहीण उभी केली होती, खरं सांगणारी, आणि दर शनिवारी तिला भेटायला ती इथे येत होती. मला काय दाखवायचं होतं तिला? शेंगा दाखवून माझं खोटं माझ्या हातात ठेवायचं होतं, की ही दुसरी बहीण दाखवायची होती, आणि म्हणायचं होतं, हिला बाजूला कर, तू बस हिच्या जागी? मला माहीत नाही. विचारायला जी होती ती नाही.

"ती गेली," मी म्हणाले. घोकलेलं वाक्य आलंच नाही. "गुडघा नाही. हृदय. सव्वा महिना झाला. मला आधीच सांगायचं होतं."

बाईच्या हातात कुणाचे तरी कांदे होते. ते तिने परत ढिगावर ठेवले आणि ती उलट्या खोक्यावर बसली. दोन गिऱ्हाइकं थांबली होती, एक माघारी गेलं. मग ती म्हणाली, कोबी. एक कोबी आम्हा दोघींना जास्त व्हायचा. अर्धा ती न्यायची, अर्धा मी. पाच शनिवार मी दर वेळी कापला. कमरेची मफलर सोडून तिने तोंड पुसलं, आणि ती परत तशीच कमरेला बांधली. मी टेबलाच्या ह्या बाजूला उभी होते. मला पलीकडे जायला हवं होतं, पण टेबलाच्या कडेने वाट कुठून आहे ते मला माहीत नव्हतं. ताईला माहीत असणार.

मग मी दुसरं सांगितलं. ते मी ठरवलं नव्हतं. म्हणाले की मी तिला तसं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं की मेल्यात. मला माहीत होतं की मेलेल्या नाहीत, आणि तरी. त्या परक्या भाषेत माझ्याकडे सबबी पुरेशा नव्हत्या. चौदा महिने, रात्रीच्या हाका, तीन दिवस, ह्यांना लागणारे शब्द मला येत नव्हते, त्यामुळे जेवढं घडलं तेवढंच सांगून झालं. बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पण तिने मला उलटं सांगितलं."

"हो."

"का?"

"माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, वजनात काही मारलंय का ते बघावं तशी. मग उठली, टेबलाखालून एक काचेची बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. बरणीत तळाला बिया होत्या, काळसर, चकचकीत. दर वसंतात तुझी बहीण येऊन सगळ्या स्वतः घासायची, ती म्हणाली, मला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तू फोडशील. ह्या वर्षी तिला बरं नव्हतं, मी तशाच लावल्या. चाळीस लावल्या, सहा उगवल्या. जे आहे ते एवढंच, आणि त्या सहा वेलांचं हे टोपलीतलं. दुसरीकडे कुठे नाही. टाकून देणार होते, पण म्हटलं डॉक्टर येणार आहे तर विचारू. "आता खरं सांग," ती म्हणाली. "हे मेलंय का?"

मी बरणीत दोन बोटं घातली. एक बी अंगठ्याच्या नखाखाली दाबली. ती दबली नाही, सटकली, पत्र्यावर टणकन उडाली आणि पोच्यात जाऊन थांबली. पंचवीस अंश नाहीत, ओला कागद नाही, चिमटा नाही. शंभरही नसतील. मी बी उचलली आणि टेबलाला वळसा घालून गेले. वाट उजवीकडून होती. मागे नदीच्या भिंतीचा खडबडीत दगड होता. ताईचा कोट गुडघ्यांखाली घेऊन मी खाली बसले आणि बी दगडावर घासली, एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या. काळ्या कवचावर पांढुरका ओरखडा उमटला, नखाएवढाही नाही. जन्मात पहिल्यांदाच मी ते करत होते. मी नेहमी मोजणारी होते. दुसरी घेतली. बाई माझ्या खांद्याशी वाकून बघत होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. "मेलेलं नाही," मी म्हणाले. "कठीण आहे. एवढंच घासायचं, जास्त नाही."

बाई हो म्हणाली, तुझी बहीण असंच करायची. मग खाली बसली, माझ्या हातातून एक घेतली, घासली आणि फोडली. मी तिच्या मनगटावर चापट मारली.

लावल्यावर किती दिवस वाट बघायची, तिने विचारलं.

"दहा," मी म्हणाले, आणि लगेच, "नाही. दहाव्या दिवशी मोजू नकोस. जागच्या जागी राहू दे. काही उशिरा येतात."

घरी आले तेव्हा भावजी टेबलाशी बसले होते, हात बसच्या स्टिअरिंगवर ठेवावेत तसे समोर. मी पिशवी उतरवली. त्यांनी कोबीचा अर्धा गड्डा बाहेर काढला, हातात फिरवून बघितला आणि फडताळात ठेवला, नेहमीच्या जागी असावा तसा. मी शेंगा परातीत ओतल्या आणि निवडायला बसले. टोक मोडून ओढलं की जांभळी रेघ दोऱ्यासारखी अख्खी सुटून येत होती. शेंगा पाहून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनीही एक उचलली, टोक मोडलं, दोरा ओढला. बसमधून रोज दुपारी चारला काळा अंगरखा घेऊन जाणारी बाई त्यांनी पाच आठवडे आरशात पाहिली होती, आणि तेही अकरा वर्षं माझ्याशी हवेवर बोलत आले होते.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं. समोर बघूनच.

"सांगितलं."

"नीट?"

माझ्या बोटांना तो वास लागला होता. दोरा अर्ध्यात तुटला, मी दुसऱ्या बाजूने धरला.

"नीट नाही जमलं," मी म्हणाले. "पण सगळं."

त्यांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी बोलताना माझ्याकडे पाहिलं. मग परात आपल्याकडे थोडी ओढून घेतली आणि पुढची शेंग हातात घेतली.